डॉक्टर शिरोडकर आणि त्यांचा टाका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे अशी रीत आहे. बहुतेक वेळा ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे असते, आणि ते योग्यच आहे. आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. १८६५ साली त्यांचा जन्म झाला, वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, ही हकीगत आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. यंदा चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी सांगितले की, मी दुसऱ्या एका डॉक्टरांविषयी लिहीन. ते पुरुष होते, गोव्याकडचे होते, डोंबिवलीशी त्यांचा काही संबंध मला ठाऊक नाही. पण ज्या घरांतले पाळणे रिकामे राहायचे अशा पुष्कळ घरांत त्यांच्यामुळे मूल रडले. त्यांपैकी एक घर माझे आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. इंग्रजी मजकूर माझ्या मुलीने वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. ती नर्सिंग शिकते आहे. लिहिण्यात काही चुकले तर दोष माझा समजावा. समितीतल्या एका बाईंनी मला हळूच विचारलेही की, हा विषय छापण्याजोगा आहे का, स्मरणिका घरातले पुरुषही वाचतात. मी म्हटले, वाचू देत. त्यांना हे आधी ठाऊक असते तर आपल्यातल्या कित्येकींचे हाल वाचले असते.

लग्नानंतर मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गर्भ पडला. कळा अशा आल्याच नाहीत. थोडे जड वाटले, कंबर भरून आली, आणि तासाभरात सगळे संपले. आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि पाणी तळमजल्यावरून भरावे लागे. साहजिकच सगळ्यांनी कळशीला दोष दिला, म्हणजे मलाच दिला. कोणी म्हणाले पपई खाल्ली असेल, कोणी म्हणाले जिन्यावरून धावते. ज्या दवाखान्यात मी गेले होते तेथेही मला कोणी काही समजावून सांगितले नाही. पुढच्या वेळी जपा, एवढे सांगून घरी पाठवले. पुढच्या वेळी मी जपले. कळशीला हात लावला नाही. तरीही तेच झाले. मग मात्र मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

तिसऱ्या वेळी नणंदेने मला ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी सगळे नीट विचारून घेतले, किती महिने झाले होते, कळा आल्या होत्या का, पाणी आधी गेले का. मग म्हणाल्या की, तिसरा महिना संपला की शिरोडकर घालू. मला वाटले शिरोडकर या कोणी बाई असतील आणि त्याच येऊन काय ते करतील. ठरलेल्या दिवशी इस्पितळात मी दोन नर्सना विचारले की शिरोडकरबाई आल्या का. त्या हसल्या, पण हसण्याचे कारण मला कळले नाही. ते माझ्या मुलीने वीस वर्षांनी सांगितले.

तर शिरोडकर या बाई नव्हत्या. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातल्या शिरोडे गावी झाला. शिरोडे म्हटले की आपल्याला वि. स. खांडेकरांचे शिरोडे आठवते, मिठाच्या सत्याग्रहाचे. ते वेंगुर्ल्याकडचे. हे शिरोडे फोंडा महालातले, कामाक्षीच्या देवळाचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि पुढे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिले. गावावरून आडनाव घ्यायचे आणि शिकायला बाहेर पडायचे, हे गोव्याच्या कितीतरी मुलांनी केले. विठ्ठलराव मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. १८४५ साली सुरू झालेले हे कॉलेज जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात आहे. भायखळ्याला उतरून तिकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकींनी कोणाचा तरी डबा घेऊन तुडवला असेल.

१९२७ साली त्यांनी प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत एम. डी. केले. मग विलायतेला गेले आणि १९३१ साली एफ. आर. सी. एस. झाले. ही शल्यक्रियेची, म्हणजे चाकू हाती धरण्याची मोठी परीक्षा. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाळंतपणे करणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर या दोन्ही विद्या एका माणसात आल्या, म्हणून पुढचे काम झाले. परत आल्यावर ते जे. जे. मध्ये मानद डॉक्टर झाले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात या विषयाचे प्राध्यापक. मानद म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलींना ठाऊक नसेल. त्या काळी मोठे डॉक्टर सकाळी सरकारी इस्पितळात नावापुरत्या मोबदल्यावर रोगी पाहत, विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि मग आपल्या खाजगी दवाखान्यात जात. त्यामुळे गिरणीत काम करणाऱ्याची बायको आणि मलबार हिलवरची शेठाणी, दोघींना तोच हात लाभे.

सरकारी इस्पितळात येणाऱ्या बायकांचे एक दुखणे फार होते, अंग बाहेर येण्याचे. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर आठ दिवसांत डोक्यावर ओझे, पोटात पुरेसे अन्न नाही. मग गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल पडतात आणि ते खाली उतरते. म्हाताऱ्या बाईचे गर्भाशय काढून टाकता येते. पण वीस-बावीस वर्षांच्या, एकच मूल असलेल्या किंवा मूलच नसलेल्या मुलीचे काय करायचे? तिचे गर्भाशय काढले तर सासरी तिचे काय होईल, हे डॉक्टरने सांगायला नको. तेव्हाच्या रिवाजात एक विलायती शस्त्रक्रिया होती. तिच्यात गर्भाशयाच्या मुखाचा लांबलेला भाग कापून टाकीत. अंग वर जाई, पण मुखच आखूड झाल्याने पुढे गर्भ टिकत नसे. शिरोडकरांनी या शस्त्रक्रियेत बदल करून मुख न कापता गर्भाशय वर बसवण्याची तऱ्हा काढली. त्यांची आणखी एक शस्त्रक्रिया आहे. तिच्यात मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून तिने गर्भाशय मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधतात, झोपाळा कडीला टांगावा तसे. बाईचे दुखणे बरे करताना तिची आई होण्याची वाट बंद होऊ नये, हा एकच ध्यास त्यांच्या सगळ्या शस्त्रक्रियांत दिसतो. आखूड केलेल्या मुखात गर्भ टिकत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यात राहिले असावे, असा माझा तर्क आहे.

आता टाक्याची गोष्ट.

काही बायकांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यांत पडतो, आणि एकदा नव्हे, दर वेळी. त्यांना अंथरुणावर निजवून ठेवले, औषधे दिली, तेव्हा नवीन आलेली संप्रेरकांची इंजेक्शने टोचली, तरी उपयोग होत नसे. पोटातले मूल धडधाकट असे, आई धडधाकट असे. मग पडते का? शिरोडकरांनी एक साधी गोष्ट केली. अशा बायकांना त्यांनी दिवस असतानाच पुनःपुन्हा तपासले. तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. बोटांना जे कळेल तेच. आणि त्यांच्या बोटांना कळले की गर्भाशयाचे मुख, जे नऊ महिने घट्ट मिटलेले राहायला हवे, ते या बायकांत हळूहळू, कळा न येता, आपोआप उघडत जाते. गर्भ वाढला, वजन वाढले की सैल तोंडातून तो निसटतो. बटव्याची नाडी ढिली असली तर आतले पैसे खाली पडतात, त्यात पैशांचा दोष नाही आणि बटवा धरणाऱ्या हाताचाही नाही.

हे मुख सैल का पडते, याची कारणे पुष्कळ आहेत. कोणाचे आधीच्या बाळंतपणात फाटलेले असते, कोणाचे पिशवी साफ करताना अती ताणलेले असते, कोणाचे शस्त्रक्रियेत कापलेले असते, आणि कोणाचे जन्मतःच अशक्त असते. कळशी, जिना आणि पपई या यादीत नाहीत. मुलीने हा भाग वाचला तेव्हा मी तिला तो पुन्हा वाचायला लावला.

मुख सैल असते असे म्हणणारे शिरोडकर काही पहिलेच नव्हते. १९५० साली अमेरिकेत लॅश नावाच्या दोन डॉक्टरांनी तेच म्हटले होते आणि त्यावर शस्त्रक्रियाही सांगितली होती. पण ती दिवस नसताना करायची, मुखाचा सैल तुकडा काढून शिवून टाकायचे. शिरोडकरांचे धाडस यात की, त्यांनी भरल्या पोटी शस्त्रक्रिया करायचे ठरवले. पोटुशी बाईच्या गर्भाशयाला हात लावायचा नाही, लावला तर कळा सुरू होतील, अशी सगळ्यांची समजूत. समजूत अगदी खोटीही नव्हती. पण ज्या बाईचा गर्भ चार वेळा पडला आहे तिच्या बाबतीत काही न करणे हेही नुकसानच होते.

शस्त्रक्रिया अशी. गर्भाशयाच्या मुखाच्या पुढच्या बाजूस मूत्राशय अगदी चिकटून असते. तेथे लहानशी चीर देऊन मूत्राशय जपून वर सरकवायचे, म्हणजे मुखाच्या आतल्या दाराच्या पातळीपर्यंत पोहोचता येते. मागच्या बाजूसही एक चीर द्यायची. मग बोथट वाकड्या सुईने एक पट्टी कातडीखालून मुखाभोवती फिरवून बांधायची आणि वरून चिरा शिवून टाकायच्या. ही पट्टीसुद्धा त्यांनी त्या बाईच्याच मांडीतून घेतली, अंग वर टांगण्याच्या शस्त्रक्रियेतल्यासारखी. स्वतःच्याच अंगाची असल्याने ती शरीराला परकी वाटत नाही. पुढे कृत्रिम धाग्याची विणलेली चपटी फीत वापरात आली आणि मांडी चिरण्याचे कारण उरले नाही. दिवस भरत आले की फीत कापून मोकळी करतात, किंवा ती तशीच ठेवून पोट उघडून मूल बाहेर काढतात.

मूत्राशय वर सरकवणे हे माझ्या लेखात एका ओळीत झाले. प्रत्यक्षात तेथे हात चुकला तर बाईला जन्मभर लघवी गळत राहण्याची भीती. म्हणून ही शस्त्रक्रिया कसलेल्या हाताचीच.

१९५५ साली शिरोडकरांनी हे सगळे लिहून प्रसिद्ध केले. कोठे, तर मद्रासहून निघणाऱ्या दि अँटिसेप्टिक या मासिकात. लंडनच्या नव्हे, न्यूयॉर्कच्या नव्हे. त्या वेळी शिरोडकर छप्पन वर्षांचे होते. ज्या बायकांवर त्यांनी हा टाका घातला होता त्या काही पहिलटकरणी नव्हत्या. चार-चार वेळा, काहींनी त्याहून अधिक वेळा, गर्भ गमावलेला होता. मद्रासच्या मासिकातला लेख पाहता पाहता जगभर गेला. शिरोडकरांनी परदेशांत जाऊन तिथल्या डॉक्टरांसमोर शस्त्रक्रिया करून दाखवल्या. आपले डॉक्टर शिकायला विलायतेला जातात हे आपण नेहमी ऐकतो. येथे गोऱ्या डॉक्टरांनी बाजूला उभे राहून शिरोड्याच्या माणसाचा हात पाहिला. १९६० साली त्यांच्या शस्त्रक्रियांचे इंग्रजी पुस्तक ब्रिटनमध्ये छापले गेले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड या डॉक्टरांनी आणखी सोपी तऱ्हा प्रसिद्ध केली. मूत्राशय सरकवायचे नाही, चिरा द्यायच्या नाहीत, मुखाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालून नाडीसारखा दोरा ओवायचा आणि आवळून गाठ मारायची. वेळ कमी, रक्त कमी, काढायलाही सोपा. म्हणून आज बहुतेक ठिकाणी हाच टाका घालतात. माझी जुनी फाइल मुलीने पाहिली तेव्हा तिच्यात मॅकडोनाल्ड असे लिहिलेले निघाले. डॉक्टरीणबाई मात्र बोलताना शिरोडकरच म्हणत होत्या. मला थोडा वेळ वाईट वाटले, इतकी वर्षे मी ज्यांचे नाव घेत होते त्यांचा टाका मला नव्हताच. मुलगी म्हणाली की, दिवस असताना नाडी आवळून धरायची ही गोष्ट जगाने शिरोडकरांकडून घेतली, मग गाठ कोणत्या पद्धतीची हे का पाहायचे. तिचे म्हणणे मी मान्य केले आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्या मुली डॉक्टरांकडे जाऊन टाका मागतील. हा टाका सर्वांना उपयोगी नाही. १९९३ साली १२९२ बायकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांनाच टाक्याविषयी शंका होती अशा या बायका. त्यांत साधारण पंचवीस जणींना टाका घातला तेव्हा एकीचे अवेळी होणारे बाळंतपण टळले. ज्यांचे तीन वा अधिक वेळा असेच झाले होते त्यांना फायदा स्पष्ट दिसला. गर्भ पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडत असेल तर त्याची कारणे वेगळी असतात आणि तेथे टाक्याचे काम नाही. म्हणून आज डॉक्टर सोनोग्राफीने मुखाची लांबी मोजतात, आधीची हकीगत विचारतात आणि मग ठरवतात. म्हणून आपली हकीगत न लाजता सांगावी. पाचव्या महिन्यात, कळांशिवाय, हे दोन शब्द मी पहिल्या दवाखान्यात बोलले असते आणि समोरच्याने ऐकले असते, तर दुसरे मूल कदाचित राहिले असते. तो मुलगा होता.

शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ७ मार्चला ते वारले. बहात्तरावे वर्ष चालू होते. डॉक्टरांची नावे रोगांना देतात. त्यांचे नाव मात्र उपायाला मिळाले आहे. जगातल्या कोणत्याही देशातल्या बाळंतपणाच्या पुस्तकात ते सापडते, त्या देशातल्या उच्चाराने.

मला टाका घातल्यावर पुढचे महिने बहुतेक आडवे पडूनच गेले. सासूबाईंनी पाणी भरले, नणंद नोकरीवरून येता येता भाजी आणून टाकी. चाळीतल्या बायका येऊन बसत आणि तांदूळ निवडता निवडता मला विचारीत की, तोंड शिवले आहे तर मूल बाहेर येणार कसे. मलाही ते नीट सांगता येत नसे. नववा लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी टाका कापला, दोन मिनिटांचे काम, आणि तो दोरा मला दाखवला. वीतभरही नव्हता. मी तो मागितला, पण त्यांनी दिला नाही, कचऱ्यात टाकला. आठ दिवसांनी मुलगी झाली.

दिवाळीनंतर मंडळाची सहल गोव्याला जायची ठरते आहे. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा यादीत आहेतच. शिरोडे त्याच महालात आहे, फार आडवाटेला नाही. कामाक्षीची ओटी भरायची म्हणून तेवढी वाट वाकडी करा, असे मी गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवले आहे.